सरकून दिलेली जागा

लेकाचा कंपनीतला शर्ट धुवायला घेतला, की मशीनच्या तेलाचा वास येतो आणि मला माझी धाकटी जाऊ शालन आठवते.

तीही नागापूरच्या एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की डोक्यावर पदर घ्यायची आणि स्वयंपाकाआधी मागच्या पायरीवर डोळे मिटून बसायची. आत पोरांचा गोंधळ, कुकरच्या शिट्ट्या. तिचा चेहरा मात्र निवलेला. मी चर्चचा एकही रविवार चुकवत नव्हते, पण प्रार्थनेला बसले की डोक्यात भाजी आणि धुणं. तिचा फार हेवा वाटायचा.

एकदा मी म्हटलंच, "देव तुझ्याशीच बरा बोलतो गं!"

ती हसली. "बोलत न्हाई ताई. मीबी काही मागत न्हाई. दिवसभर उभी असते, म्हनून त्याच्यापाशी जरा टेकते. या, तुमी पन बसा." तिनं सरकून जागा केली.

"दूध उतू जाईल," म्हणत मी आत गेले. शांती हवी होती, पण तिच्याकडून नको होती.

पुढं दीर-जाऊ पुण्याला राहायला गेले. आता त्या पायरीवर मी एकटीच बसते. मन अजून धुण्याकडे धावतं, शालनचा हेवाही वाटतो. पण उठत नाही.