अप्पांचा व्हिसा

व्हिसाचे किती प्रकार असतात, हे दुबईला ऑफिस काढायचं ठरेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कलबुर्गीच्या एजंटानं बोटांवर मोजून दाखवले. पहिला पार्टनरचा, म्हणजे तिथल्या कंपनीत आपल्या नावाचा हिस्सा असतो आणि त्या जोरावर राहता येतं. दुसरा मॅनेजरचा, म्हणजे कंपनी आपल्याला नोकरीवर ठेवते. तिसरा नुसता व्हिजिट. पाहुण्यासारखं जायचं आणि मुदत संपली की गुमान परत यायचं.

"मॅनेजरवाला आसान है अक्का, कायकू टेन्शन लेते?" तो म्हणाला. पण आपल्याच दुकानात नोकर म्हणून राहायचं माझ्या डोक्यात बसेना. मी पार्टनरचा घेतला.

भालकीत आमची डाळमिल आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उभी केली आणि आई गेल्यावर मी चालवायला घेतली. मी एकुलती एक, लग्न केलं नाही. आमची तूरडाळ मधले व्यापारी तिकडं पाठवतात, ती आपणच का विकू नये, असं मला वाटायचं. आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला भालकीबाहेर पडायचंही होतं. अट एकच होती, अप्पा माझ्याजवळ राहतील. सत्तरी ओलांडलेल्या बापाला एकटं सोडून मी जाणार नव्हते.

"कामून जायलीस? हितं काय कमी हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बी यायचं हाय, अप्पा."

"मग येतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत विभूती भरून मोकळे झाले.

मी ऑफिस थाटलं. दोन टेबलं, एक खिडकी आणि दारावर आमच्या मिलचं नाव. अप्पा आधी व्हिजिटवर आले. लेकीच्या आधारानं राहायचा व्हिसा त्यांना तिथून मिळणार होता. कागद सगळे जमले. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी, आणि तिच्यात छातीचा एक्स-रे.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या छातीवर, गळ्यातल्या शिवदाराच्या दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या डबीत, इष्टलिंग, म्हणजे रोजच्या पूजेचं छोटं लिंग, असे. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. माझ्याही गळ्यात होतं, पण माझ्या एक्स-रेच्या वेळी मी ते काढून पर्समध्ये टाकलं आणि पुढं कित्येक दिवस ते तिथंच राहिलं. त्यामुळे अप्पांचं काही अडेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एक्स-रे काढणारी मुलगी केरळची होती, मोडक्या हिंदीत गोड बोलायची. "अंकल, गळ्यातलं काढा," ती म्हणाली. अप्पांनी डबीवर हात ठेवला.

"न्हाई."

"दोन मिनटाचं काम हाय, अप्पा."

"लिंग अंगावेगळं करून जगायचं व्हय? मला जमायचं न्हाई."

मागं रांग लागली होती. माणसं बघायला लागली. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात लाज वाटली. "मग राहा जावा भालकीत एकटे," मी सगळ्यांसमोर बोलून गेले. अप्पा सदऱ्याची बटणं एकेक करून लावायला लागले. त्या मुलीला आमची अडचण सांगावी, काही मार्ग आहे का विचारावं, एवढ्यासाठीही मी थांबले नाही.

व्हिजिटची मुदत संपली. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू तुझं काम कर. माझी काळजी करू नको." मी पुन्हा अर्ज केला नाही. बाप हट्टी, तर लेक सवाई. भालकीत एकट्यानं चार महिने काढले की आपोआप येतील वळणावर, असं मी धरून चालले होते.

रोज सकाळी पूजा आटोपली की त्यांचा फोन यायचा. "कवा येतीस?"

"लायसनचं काम झालं की येते, अप्पा." मग बँकेचं काम निघायचं, मग एखादा कंटेनर बंदरात अडकायचा. माझा व्हिसा मला कधीही जाऊ देत होता, जात मीच नव्हते.

एका सकाळी त्यांच्याऐवजी शेजारच्या काकूंचा फोन आला. हैदराबादला उतरून मी भालकीला पोचले, तेव्हा समाधीचा खड्डा खणून तयार होता. आमच्या रिवाजाप्रमाणे अप्पांना बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. मला रडूही येईना. विधी करणारे स्वामी पुढं वाकले. त्यांनी अप्पांच्या गळ्यातून शिवदार काढला, डबी उघडली आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

लहानपणापासून मी अप्पांना असंच बघत आले होते. रोज पूजेला बसले की लिंग गळ्यातल्या डबीतून निघून डाव्या तळहातावर यायचं. दुबईतही यायचं. एक्स-रेला निघायच्या आधी, त्या सकाळीसुद्धा, मी चहाचा कप घेऊन त्यांची पूजा संपायची वाट बघत समोर उभी होते.

त्या मुलीनं गळ्यातलं काढा एवढंच म्हटलं होतं. हातात धरू नका, असं कुणीच म्हटलं नव्हतं. मी पुढं होऊन अप्पांच्या त्या हाताखाली माझा हात धरला आणि तेव्हा मला रडू फुटलं. "अप्पा, हातात धरा," एवढंच मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. ते माझ्याजवळ राहिले असते.