फुंकायचं नाही, ओढायचं

सासूबाईंचं दम्याचं औषध सुरू झालं त्या महिन्यात मी जितकी ओरडले, तितकी दोन मुलं वाढवतानाही ओरडले नव्हते.

त्या राणीसावरगावला एकट्या राहतात. दीड एकर रान, दोन शेळ्या आणि दारापुढचा ओटा सोडून त्यांचं कुठंच मन लागत नाही. मागच्या थंडीत धाप इतकी वाढली की ओट्यावरून शेळ्यांपर्यंत जाताना त्या दोनदा खाली बसल्या. शेजारणीनं फोन केला आणि नवऱ्यानं त्याच दिवशी त्यांना एसटीत बसवून गंगाखेडला आमच्या घरी आणलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, काट्याच्या नळीत फुंकायला लावलं. "आजी, बिडी ओढता का?"

सासूबाईंनी असं बघितलं, की जणू त्यांचं खानदान काढलं.

"बिडी नाही, चूल," मी म्हणाले. "पन्नास वर्षं."

डॉक्टर म्हणाले, तेच ते. धुरानं फुफ्फुसं खराब झाली होती आणि त्यात दमाही होता. औषध कॅप्सूलमधल्या पुडीचं होतं. एकाच पुडीत दोन औषधं, एक श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणारं आणि दुसरं आतली सूज उतरवणारं. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या यंत्रात कॅप्सूल घालायची, यंत्र फिरवून ती उघडायची, तोंडात धरून जोरात श्वास ओढायचा, दहा आकडे दम धरायचा, मग चूळ भरायची. रोज सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं तरी बंद करायचं नाही.

सासूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "मी गावाला कधी जाऊ?"

"महिन्यानं तपासू. सुधारणा दिसली तर जा."

दवाखान्याबाहेर येताच नवरा म्हणाला, "माय, आता गावाला जाऊन काय करतीस? इथंच राहा. पलंग आणतो."

"पलंग तुझ्या बायकोला दे. मी महिन्याची पाव्हनी हाय."

त्यानं पलंग आणलाच. सासूबाई पलंगाशेजारी खाली चटई टाकून झोपू लागल्या आणि पलंगावर मी वाळलेले कपडे ठेवू लागले.

औषध त्या स्वतः घ्यायच्या. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, वर पदर ओढून. असं का, विचारलं तर म्हणाल्या, "लेकासमोर तोंड वासून बसू का?" मला यंत्र फिरवल्याचा आवाज यायचा, मग चूळ भरल्याचा. मी समाधानानं ऑफिसला जायचे. दहा दिवस झाले तरी धाप तशीच. संडासला जाऊन आल्या तरी दाराला धरून उभ्या राहायच्या. नवरा एकीकडं काळजी करत होता आणि दुसरीकडं पलंगाला गादी बघत होता.

अकराव्या दिवशी मी तो कोपरा झाडायला घेतला. भिंतीवर, बरोबर त्या बसल्या की तोंड येईल त्या उंचीवर, पांढुरका डाग. बोट लावलं तर औषधाची पूड.

"आत्याबाई, माझ्यासमोर घ्या बरं एकदा."

त्यांनी कॅप्सूल घातली, यंत्र फिरवलं, तोंडात धरलं, गाल फुगवले आणि फू! असं फुंकलं की समोर ओली लाकडं असती तरी पेटली असती. औषध भिंतीवर गेलं.

"अहो, फुंकायचं नाही! आत ओढायचं!"

"नळी हाय ना ती? मग नळी फुकायचीच असती. पन्नास वर्षं फुंकणी धरली हातात. मला शिकवायलीस?"

ज्या फुंकण्यानं छाती गेली, तेच औषधालाही लावलं होतं. दहा दिवस आमची भिंत औषध घेत होती. भिंतीला मात्र काही फरक नव्हता.

शिकवणी सुरू झाली. ओढा म्हटलं की त्या आधी गाल फुगवायच्याच. त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं होतं की ओढण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, पण यंत्रात नाही. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे फुकायचं, पर दुसरीकडं. तुमच्या डॉक्टरला तरी कळायलंय का?"

शेवटी चहानं काम केलं. सासूबाई बशीतला गरम चहा भुरकताना आवाज स्वयंपाकघरात येतो. मी म्हटलं, "हा चहा समजा. एका दमात सगळी बशी भुरका." त्यांनी यंत्र दोन्ही हातांत बशीसारखं धरलं आणि भुर्रकन ओढलं. पूड आत गेली. लगेच त्यांनी "हाऽऽ" करून सगळा श्वास सोडला, चहानंतर सोडतात तसा.

आता दम धरायचा प्रश्न. मी आकडे मोजले तर चारलाच तोंड उघडायचं. "लवकर मोज की!" किंवा "दूध उतू चाललंय बघ." सासूबाईंना दहा आकडे गप्प बसवणं त्यांच्या सासूलाही जमलं नव्हतं.

"मी मोजत नाही," मी म्हणाले. "तुम्ही मनात त्रिशरण म्हणा."

त्रिशरण घोकावं लागत नाही, आमच्या घरात सगळ्यांना लहानपणापासून येतं. 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून तीन ओळी, मग त्याच "दुतियम्पि" लावून, मग "ततियम्पि" लावून. मधे बोलणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी डोळे मिटून बसल्या आणि लगेच श्वास सुटला.

"कुठवर आलात?"

"पहिल्याच खेपेत सुटला."

आठ दिवसांनी त्या दुतियम्पिला पोचल्या. आता पदरही नाही, भिंतही नाही, लेकासमोर भुरकायच्या आणि वर बोट दाखवून त्याला गप्प करायच्या. संडासवरून येताना दार धरणं बंद झालं. एका सकाळी बघते तर जिना उतरून खाली कोपऱ्यावरच्या म्हशीशी बोलत उभ्या. नवऱ्यानं गादीचा विषय काढला नाही.

महिन्यानं डॉक्टरांकडं गेलो. तिथं तपासणीची वेगळी नळी असते, त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. डॉक्टर म्हणाले, "आजी, लावा जोर." सासूबाईंनी नळी दोन्ही हातांत धरली आणि भुर्रकन ओढली. काटा जागचा हलला नाही.

"आजी, फुंका!"

"फुकू?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं महिनाभर फुकू नका, फुकू नका म्हनून जीव खाल्ला माझा! तुमी दोघं आधी ठरवा, मग मला सांगा."

दुसऱ्यांदा त्यांनी फुंकलं. मन लावून. काटा पहिल्या दिवशीपेक्षा बराच पुढं गेला. डॉक्टर म्हणाले, "गावाला जा. औषध रोज. आणि चूल बंद."

"बंद," सासूबाई लगेच म्हणाल्या. त्या लगेच हो म्हणाल्या की मी सावध होते. त्यांच्याकडं गॅस आहे, पण शेगडीवर मिठाची बरणी आणि सिलिंडरवर पाण्याची घागर असते.

म्हणून रविवारी पोचवायला मीच गेले. बरणी उतरवली, घागर उतरवली, गॅसवर दोन भाकरी भाजून दाखवल्या. त्यांनी तुकडा मोडला, चावला. "कच्ची न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग चुलीकडं बघत बसल्या.

"तू फोड," त्या म्हणाल्या.

"मी? तुम्हीच फोडा की."

"मी फोडली तर बाया म्हनतील म्हातारीला येड लागलं. तू फोडलीस तर म्हनतील सून खाष्ट हाय. ते बरं."

मी पहार घेतली. दहा मिनिटांत चूल गेली. घमेल्यातून माती उकिरड्यावर टाकून परत आले तर ओट्यावर पाच-सहा बायका जमल्या होत्या आणि सासूबाई मधोमध बसून सांगत होत्या, की गंगाखेडची सून आली, पहार घेतली, हात धरला तरी ऐकेना, हातानं लिपलेली चूल माझ्या डोळ्यांदेखत फोडली, असल्या सुना आपल्या वेळी होत्या का. सगळं एका दमात. मधे एकदाही थांबल्या नाहीत.

मी हात धुतले आणि बसला गेले.