फाटकाजवळचा फळा

विक्रोळीच्या आमच्या शाळेत फाटकाजवळचा फळा एकोणीस वर्षं माझा होता. माझा म्हणजे माझाच. रोज सकाळी प्रार्थनेआधी मी त्यावर सूचना, सुविचार, दिनविशेष लिहायची. कित्ता गिरवून गिरवून कमावलेलं अक्षर. दुसऱ्या कुणी खडू लावलेला मला खपायचा नाही.

मग ती आली. चित्रकलेची नवी बाई, बोरिवलीहून, वयाने माझ्या निम्मी, ओढणी कायम खडूने माखलेली. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आठवड्यातून दोन दिवस फळा त्यांना द्या." मी "बरं सर" म्हटलं आणि स्टाफरूममध्ये येऊन चहाचा कप आपटला.

तिने काय काढलं माहितेय? रस्ता ओलांडणारी मुलं. एक ओळ नाही, एक शब्द नाही. आणि पोरं फळ्यापुढे अशी गर्दी करून उभी, जसं काही तिथे खाऊ वाटतायत. माझ्या सुविचारापुढे एकोणीस वर्षांत एक पोरगं दोन मिनिटं थांबलं असेल तर शपथ. थांबलंच तर शिक्षा म्हणून.

मी जळले. उगाच गोड कशाला बोलू, जळून खाक झाले. "चित्रं काय, बालवाडीतली पोरंही काढतात," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. आणि वर्गात जाऊन पाचवीला काय शिकवायची? की लिपी नव्हती तेव्हा माणूस गुहेच्या भिंतीवर चित्रं काढून बोलायचा! एकदा आईला अजिंठ्याला नेलं होतं. जातककथा तिने विहारात ऐकलेल्या. गाइडने तोंड उघडायच्या आत तिने भिंतीवरचा सहा दातांचा हत्ती ओळखला आणि अख्खी गोष्ट आमच्या घोळक्याला सांगितली. मी तेव्हा सेल्फी काढत होते. डोक्यात काडीचं शिरलं नाही.

आई माझ्याकडेच राहते. लग्न होऊन जालन्याकडून इथे आली, गोदामात झाडू मारून तिने मला डी.एड. केलं. दुपारी माझा डबा घेऊन शाळेत येते, फळ्यापुढे घटकाभर थांबते आणि म्हणते, "लई झ्याक लिव्हलंयस." तिला वाचता येत नाही. दर मे महिन्यात मी म्हणायची, आई, यंदा तुला शिकवतेच. मग मे संपायचा.

गेल्या वर्षी आमच्या भागात डेंग्यूची साथ आली. मी फळ्यावर लिहिलं, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.' खाली चार मुद्दे, लाल खडूने ठळक. चार दिवस राहू दिलं. पाचवा दिवस तिचा. तिने माझं सगळं पुसलं आणि पाण्याचं निळं पिंप काढलं. पिंपातून निघालेले डास, शेजारी खाटेवर तापाने फणफणलेलं पोर, उशाशी त्याची आई. पुढच्या चौकटीत तीच बाई पिंप उपडं करतेय. मधल्या सुट्टीत मी डस्टर घेऊन तिथे गेले. खरं सांगते, एक कोपरा पुसलासुद्धा. तेवढ्यात शिपाई आला म्हणून थांबले.

संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत आमचं पिंप उपडं! आमच्याकडे पाणी फक्त सकाळी येतं. मी ओरडलेच, "आई, पाणी कुणी ओतलं?"

"म्या ओतलं. तुझ्या फळ्यावर सांगितलंय की. अगं, आळ्या व्हत्या त्यात, वळवळत व्हत्या नुसत्या!"

चार दिवस माझे लाल मुद्दे तिच्या डोळ्यांसमोर होते. चार दिवस ती त्यांचं कौतुक करून घरी येत होती आणि त्याच पिंपातलं पाणी आम्ही वापरत होतो.

तिने मला जवळ बसवलं. "समदं कळलं बघ मला, कुनाला इचारावं लागलं न्हाई. शेजारच्या तिघींना बी जाऊन सांगितलं, माझ्या लेकीनं काढलंय म्हनून. तूच काढलंस न्हवं?"

नाही म्हणायला काय लागतं? पण त्या पोरीने माझा फळा घेतला, माझी पोरं घेतली, आता आईचं हे कौतुकही तिलाच? छे. ते मी देणार नव्हते.

"हो," म्हटलं, "मीच काढलं."

आईने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"येतंय तुला, तर इतकी वर्षं का गं न्हाई काढलंस? म्या रोज हुबी ऱ्हायची की तिथं."