सलोमीअक्काची कळशी

उज्जीवन सभेत मी उभा राहिलो तो डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. धुळ्याला मिशनच्या आवारात तंबू ठोकून, लोकांची श्रद्धा नव्यानं जागवायला तीन दिवसांची सभा भरली होती. शेवटच्या दिवशी पाहुण्या उपदेशकांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. प्रार्थना इतकी लांबली, की सतरंजीवर मांडी घालून बसलेला माझा पाय माझा राहिला नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, कोण बघतंय, म्हणून मी हळूच उठलो आणि पायाला चिमटे काढू लागलो. नेमके तेव्हाच उपदेशक म्हणत होते, ‘ज्याला आपलं सगळं आयुष्य प्रभूच्या सेवेला वाहायचंय, त्यानं आत्ता उभं राहावं.’ मी मान वर केली तर अख्ख्या तंबूत मी एकटा उभा.

‘नाव काय, बाळ?’

‘शमुवेल.’

झालं! बायबलात मंदिरात झोपलेल्या ज्या मुलाला देवानं नावानं हाक मारली, त्याचंच नाव. उपदेशकांना आणखी काय हवं होतं? ‘शमुवेलाला पुन्हा हाक आली!’ ते गरजले. माझी आई हमसून रडायला लागली. बाबा गेल्यापासून मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून तिनं मला मॅट्रिक केलं होतं, आणि मी जन्मलो त्या दिवसापासून ती हेच मागत होती. खाली बसावं, असं वाटलं खरं. पण पायातल्या मुंग्या तोवर जिभेवर चढल्या होत्या.

बायकांच्या बाजूला एक जण मात्र रडत नव्हती की ‘आमेन’ म्हणत नव्हती. ती माझ्या डाव्या पायाकडे बघत होती. ती सलोमीअक्का.

अक्का म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीची बायबलबाई. गावोगाव पायी हिंडायचं, बायकांत बसायचं, पोरांची खरजेची अंगं धुवायची, अक्षरं गिरवून घ्यायची, आणि मग कुणी विचारलंच तर येशूची गोष्ट सांगायची. ठेंगणी, काळीसावळी, काखेत दोन ठिगळांची छत्री. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ती पुस्तकी मराठी बोले. पण खरं काही सांगायचं असलं की अहिराणीवर येई. त्यामुळे तिनं अहिराणी सुरू केली की आमचे धर्मगुरू पाळकसाहेबसुद्धा सावरून बसत.

इकडे माझ्याभोवती भिंती उठू लागल्या, आणि त्या सगळ्या प्रेमाच्या होत्या. पाळकसाहेबांनी धर्मशिक्षणाच्या शाळेला पत्र धाडलं. एकानं ट्रंक दिली, एकानं कंदील. दाविदभाऊ शिंप्यानं फुकटात बंद गळ्याचा पांढरा कोट शिवला. तो गळ्याला इतका आवळत होता, की मी बोलताना आपोआप गंभीर दिसायचो. ‘बघा, चेहराच बदलला पोराचा,’ लोक म्हणत. आणि त्याच आठवड्यात भुसावळहून रेल्वेचं पत्र आलं. मी सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. पार्सल ऑफिसात कारकुनाची जागा. महिन्याभरानं, सोमवारी हजर व्हा. त्याच्या आदल्याच रविवारी मंडळी मला प्रार्थना करून शाळेला धाडणार होती. पत्र मी गायनाच्या पुस्तकात लपवलं. त्यानंतर गाणं म्हणायलाही पुस्तक उघडायची चोरी झाली.

मधला महिना मला अक्काच्या हाताखाली दिलं. पांझरेकाठच्या एका गावात आम्ही मुक्काम टाकला. पहिल्या सकाळी मी कोट चढवून, बायबल घेऊन तयार. अक्कानं माझ्या हातात कळशी दिली.

‘आधी पानी आन.’

वैशाखाचं ऊन. विहीर गावाबाहेर, आणि विहिरीवर सगळ्या बायका. त्यात बंद गळ्याचा कोट घातलेला एक पुरुष कळशी घेऊन उभा. त्या पदराआड हसून बेजार झाल्या. मी रोज सहा खेपा घालत होतो.

तिसऱ्या दिवशी चावडीवर माझा पहिला उपदेश झाला. तीन दिवसांची तयारी दोन वाक्यांत संपली. पुढे नुसताच घाम. समोरचे एक आबा कळवळून म्हणाले, ‘तू बस रे भाऊ. अक्का सांगी.’

त्या दिवशी अक्कानं मला मोडकी खाट दुरुस्त करायला बसवलं. ‘खाटना चार पाय शेतस,’ ती म्हणाली. ‘अंग, डोकं, देव आनि मानसं. एक आखूड व्हयना ते बठ्ठी खाट डुगडुगस.’ हे तिचं आवडतं बोलणं. ती स्वतः तशीच जगे : पहाटे प्रार्थना, मग चार कोस चाल, दुपारी पाटीवर गणितं, संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा. ‘नुसती गुडघ्यावर बसनारी मानसं म्हातारपनी उठू शकत नहीत,’ म्हणे.

मी पाय ठोकता ठोकता म्हणालो, ‘अक्का, मला एक सांगायचंय.’

‘पानी सरनं. आधी पानी आन.’

असं तीनदा झालं. दर वेळी तोंड उघडायचं धाडस गोळा करावं आणि कळशी हातात यावी. महिना संपला. शनिवारी धुळ्याला परतताना वाटेवर ती एवढंच म्हणाली, ‘शमू, उद्या उभा राहशी ते दोन्ही पायवर उभा राह्य.’

रविवारी देऊळ भरलेलं. आई पुढच्या ओळीत, नवं पातळ नेसून. पाळकसाहेब म्हणाले, ‘शमुवेल आता साक्ष देईल, त्याला हाक कशी आली ते सांगेल.’ गळ्याचं बटण तोडूनच मी बोललो. ‘मला हाक आली नव्हती. पायाला मुंग्या आल्या होत्या. माझ्याकडे रेल्वेचं पत्र आहे.’

आईनं पदर डोळ्यांवर ओढला. जमीन दुभंगून मला गिळेल तर बरं, असं वाटत होतं. एवढ्यात मागून अक्का उठली.

‘मी विधवा व्हयनू तवय मिशनमा उनू, ती देवसाठे नही, भाकरसाठे,’ ती म्हणाली. ‘साक्षमा मी खोटंच सांगं. देव मांगून उना, धा वरीसनी. आज पोऱ्या खरं बोलना, मन्हं ऱ्हाई जायेल व्हतं.’

आपलं राहून गेलेलं खरं सांगून ती बसली. आणि दाविदभाऊ शिंपी उभा राहिला. गेली वीस वर्षं मंडळीच्या कपड्यांतलं उरलेलं कापड आपण ठेवून घेत होतो, म्हणाला. मग दोन सख्ख्या जावा उठल्या. पाच वर्षांनी एकमेकींशी बोलल्या. पाळकसाहेबांचा उपदेश राहूनच गेला. तीन दिवसांच्या तंबूत जे झालं नाही, ते त्या सकाळी झालं, आणि झालं ते माझ्या नालायकपणामुळे, याचा मला आजही थोडा अभिमान आहे. आई मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची छत्री मंडळीनं जपून ठेवली आहे. मला मात्र ती आठवते धुळे स्टेशनावरची. भुसावळला निघालो तेव्हा चाळीसगावच्या गाडीशी मला निरोप द्यायला आली होती. गाडी हलायच्या बेतात असताना मी विचारलं, ‘अक्का, तुम्हाला सभेतच सगळं कळलं होतं ना? मग महिनाभर मला सोबत का फिरवलंत? माझ्यात काही दिसलं होतं का?’

मी जरा आशेनंच विचारलं होतं.

अक्कानं छत्री दुसऱ्या काखेत घेतली. ‘पानी भराले मानूस पाहिजे व्हता,’ ती म्हणाली. ‘देवनं बोलावनं येल पोऱ्ये कधी पानी भरतस का?’