मागच्या सीटसाठी घेतलेला प्लेअर

"मोठ्यानं कुठलंबी वाजतंय. हळू वाजवून दाखव रं."

बेळगावातल्या माझ्या दुकानात गाडीसाठी म्युझिक प्लेअर बघायला आलेले आप्पा प्रत्येक प्लेअर कानाशी धरून हेच म्हणत होते. तुम्हीही पाहिलं असेल, गिऱ्हाईक आवाज किती घुमतो ते बघतं. हे मात्र आवाज किती खाली येतो ते बघत होते.

आप्पा कंग्राळीचे, साठी ओलांडलेले. जांबोटीकडच्या खेड्यांतून डायलिसिसचे पेशंट ते आपल्या गाडीतून आठवड्याला तीनदा बेळगावला आणायचे.

मी म्हणालो, "फोनवरच लावा की गाणी."

"फोन आला की गाणं थांबतंय. दवाखान्याचा असला तर मागं बसलेली माणसं घाबरत्यात."

मग स्वतःचा स्पीकर असलेले तीन छोटे प्लेअर घेऊन त्यांनी मला गाडीत मागच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू ठेवून स्वतःही शेजारी बसले आणि डोळे मिटले. "ऐकणारा मागं बसतोय," म्हणाले. तासाभरानं चकचकीत स्क्रीनचा प्लेअर परत देऊन त्यांनी उठावदार बटणांचा साधा घेतला. जांबोटीच्या वळणांवर नजर हलवता येत नाही, बटण बोटांनाच कळायला हवं.

गाणी भरायला त्यांनी कार्ड दिलं. मला वाटलं, सिनेमाची असतील. आत प्रत्येक पेशंटच्या नावाचा फोल्डर होता. एकात गावचं भजन, एकात कन्नड पदं, एकात नातीचे पाढे. जांबोटीच्या एका आक्कांच्या फोल्डरमध्ये नुसत्या गुरांच्या घंटा.

"परतताना आक्का पार गळून जात्यात. हे ऐकलं की डोळं उघडत्यात."

त्या घंटांसाठी आप्पा भर पावसात गुरांमागून चालत गेले होते.

एका बुधवारी मी जांबोटीच्या पाहुण्यांकडून आप्पांच्याच गाडीनं परत निघालो. गाडी आक्कांच्या दारात थांबली. सोमवारी त्या आल्याच नव्हत्या.

"पुरं झालं आप्पा. मी न्हाय येत आता," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. मागं सून पदरानं डोळे पुसत उभी होती. उपचार सोडल्यावर काय होणार, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

मी समजूत घालणार, तोच आप्पांनी गाडीतला प्लेअर आणून आक्कांच्या हातात ठेवला. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या बेडवर असणाऱ्या कन्नड बाईंचा, सोमवारी आप्पांनी रेकॉर्ड करून घेतलेला आवाज आला, अडखळत्या मराठीत. "आक्का, तुमचा बेड मोकळा बघून भ्या वाटतंय. या की वो."

आक्कांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकलं. मग सुनेकडं न बघता म्हणाल्या, "चप्पल दे गं."

वीस वर्षं मी स्पीकर विकतोय, असं काही कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा झोपेतच गेले. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो. त्यानं प्लेअर तपासायला आणून दिला. शेवटचा फोल्डर उचगावच्या एका नव्या पेशंटच्या नावाचा होता. रिकामा.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी उचगावला गेलो. म्हातारे गृहस्थ दारात खुर्ची टाकून बसले होते. मी आप्पांची ओळख सांगितली आणि विचारलं, "काका, गाडीत काय ऐकायला आवडंल तुम्हाला?"

त्यांनी खुर्ची जरा मागं सरकवून पायरीवर जागा केली.

"आप्पानंबी हेच इचारलंतं," ते म्हणाले. "मी म्हटलंतं, इचार करून सांगतो."

मी पायरीवर बसलो आणि वाट बघू लागलो.