चांभारचौकशा

काल विश्रांतवाडीत चपलांच्या दुकानात शिरले. कोऱ्या चामड्याचा वास नाकात गेला आणि मी एकदम खडकीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन पोचले. कान तेव्हासारखेच तापले.

मराठीचे सर वाक्प्रचार शिकवत होते. मी हात वर केला. "सर, 'नाकी नऊ येणे' यातले नऊ म्हणजे काय?"

सर म्हणाले, "अर्थ लिहून घ्या बाईसाहेब. चांभारचौकशा नकोत."

सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला. स्टेशनजवळ बसून चपला शिवणारे माझे बाबा सगळ्यांना माहीत होते. सरांनाही. त्यांच्या पायातल्या चपला बाबांनीच शिवलेल्या होत्या.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "असं का म्हणतात हो?"

ते कागदावर कुणाच्या तरी पावलाचं माप काढत होते. "अगं, माणूस किती चालतो, टाच कुठं दुखते, हे विचारल्याशिवाय चप्पल पायात बसेल का? आपण विचारतो, म्हणून म्हणत असतील." एवढं बोलून ते शांतपणे पुन्हा कामाला लागले.

"तुम्ही दुसरं काही काम का करत नाही?" मी ओरडले. त्यांनी फक्त वर पाहिलं. पुढे महिनाभर मी त्यांच्या दुकानावरून गेले नाही, लांबच्या रस्त्याने घरी आले.

सरांचा राग मला आज येतो. त्या दिवशी आला होता तो बाबांचा, आणि तो माझ्या मनात सरांनीच घातला, हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.