बावन्न वेढे

भागीरथाबाईंचे जन्मसाल आधार कार्डावर १९६४ आहे आणि उमरेडच्या शाळेच्या दाखल्यावर १९६६. त्या दोन्ही नाकारतात आणि ‘मोठ्या पुराच्या आदल्या साली’ असे सांगतात. तो पूर कोणता, हे घरात कोणालाही ठाऊक नाही. निर्विवाद आहे ते एवढेच, की वयाच्या आठव्या वर्षापासून चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी कांड्या भरल्या. घरी चार माग होते. विणायचे पुरुषांनी, पण मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची कांडी भरून द्यायची ती बायकांनी. कांडी ढिली राहिली की धावत्या धोट्यात सूत गुंतते आणि तुटते, आणि त्याचा दोष विणणाऱ्याला नव्हे, भरणाऱ्या हाताला लागतो. भागीरथाबाईंच्या हाताला तो दोष कधी लागला नाही, असे त्या म्हणतात. याला दुसरा साक्षीदार आज उरलेला नाही.

माग बंद पडले. मुलगा हेमराज हिंगण्याच्या कारखान्यात लागला आणि बेसा भागात दोन खोल्यांचे घर झाले. त्या गल्लीत मोबाइलला जेमतेम एक काडी दिसे, म्हणून गेल्या महिन्यात ब्रॉडबँड घेतले. मुख्य कारण सून दामिनी. तिच्या पुण्याच्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा तीन महिन्यांच्या बोलीवर दिली होती. या आठवड्यात दोनदा ती साहेबांसमोर बोलता बोलता पडद्यावरून नाहीशी झाली. साहेबांनी आवाज चढवला नाही. शुक्रवारी अकरा वाजता परदेशी ग्राहकासमोर काम मांडायचे आहे, त्यात असे झाले तर सोमवारपासून पुण्यात बसा, एवढेच त्यांनी लिहून कळवले. हिंगण्याची नोकरी सोडून हेमराज पुण्याला जाऊ शकत नव्हता. घराचे दोन तुकडे व्हायचे की नाही, हे त्या एका बैठकीवर येऊन ठेपले होते.

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी नेट पुन्हा गेले.

“वायफायवर जास्त जण आहेत,” दामिनी म्हणाली. टीव्ही, दोन फोन, लॅपटॉप, हेमराजचा टॅब आणि फाटकावरचा कॅमेरा अशी सहा नावे तिने कागदावर लिहिली होती. “आई, टीव्ही बंद करा.”

“केला. तुमच्या त्या डब्याले सहा लेकरं, अन् दूध एकाच्या पुरतं. कसं भागन?”

“टॅब?”

“तो तर निजूनच आहे.”

दामिनीने कॅमेऱ्याची पिन काढली, स्वतःचा फोन आणि सासूच्या फोनवरचे वायफाय बंद केले. यादीतली पाच नावे खोडून झाली. नेट आले, चार मिनिटे टिकले आणि पुन्हा गेले. हेमराजचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा होता, त्यामुळे त्याला विचारण्याची सोय नव्हती.

भागीरथाबाई टीव्हीच्या खालच्या ब्रॉडबँडच्या डब्याकडे बघत होत्या. “दामिनी, त्याची एक बत्ती लाल होऊन राहिली.”

“असू द्या हो.”

“असू कशी देऊ? नेट गेलं का ती लाल होते. आलं का हिरवी. मी तिनदा पाह्यलं.”

दामिनीने वाकून पाहिले आणि कनेक्शन लावून गेलेल्या दुर्गेशला सासूच्या फोनवरून फोन केला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“लाल बत्ती म्हणजे वायफायचा काही संबंध नाही, मॅडम. बाहेरून येणाऱ्या वायरमध्येच लोचा आहे. तिच्यात काचेचा धागा असते, केसासारखा. जास्त वाकला का आतला उजेड तिथंच सांडते. कोणी हात लावला काय तिले?”

“नाही. कोण लावणार?”

“मग मी दोन वाजता येतो. सध्या मी पार कामठी रोडले आहो.”

दामिनी कागद हातात धरून बसून राहिली. भागीरथाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रविवारी घर झाडताना डब्यामागे वायरीचा सैल गुंतवळा लोंबताना त्यांनी पाहिला होता. सैल धागा त्यांच्याने बघवत नसे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या नळीवर त्यांनी तो एकसारखा, घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला, टोकाला दोऱ्याची गाठ मारली आणि टीव्हीमागे ठेवून दिला. दामिनीने ते पाहिले नव्हते, आणि इतके नेटके काम कोणाला दाखवावे असेही त्यांना वाटले नव्हते.

दहा बेचाळीस.

“तू साडी बदलून ये,” त्या म्हणाल्या. “तोवर मी पुसून काढते इथलं.”

दामिनी आतल्या खोलीत गेली. भागीरथाबाईंनी टीव्ही पुढे सरकवला, गाठ सोडली आणि पहिले टोक ओढले. सुताची कांडी अशी ओढली की सरसर उलगडते. ही उलगडली नाही. वायरीने नळीचा आकार धरला होता. वेढे एकमेकांवर चढले, आणि डब्यावरची, मधून मधून हिरवी होणारी बत्ती आता लालच राहिली.

“काय करून राहिल्या तुम्ही?” दामिनी दारात होती.

पुसत होते, एवढे उत्तर तयार होते. दहा वाजून एकोणपन्नास मिनिटे झाली होती. खोटे बोलून वायर वाचणार नाही, हे ज्या हातांना कळते त्या हातांत ती नळी होती.

“रविवारी मीच गुंडाळली,” भागीरथाबाई म्हणाल्या. “त्या पोराले फोन लाव. त्याले मीच सांगते.”

दामिनीने फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळे सांगितले.

“किती वेढे मारले, काकू?” दुर्गेशने विचारले.

“बावन्न.”

“मोजले?”

“मोजल्याशिवाय मी गुंडाळतच नाही.”

“बाप रे. कांडी भरली काय तुम्ही?”

“हो,” त्या म्हणाल्या. “तेच केलं.”

“बरं. ओढू नका. वायर नाही, नळी फिरवा. एकेक वेढा मोकळा करा. मग परातीएवढा मोठा गोल करा अन् तसाच राहू द्या. तुटली नसली तर नेट येईन.”

तुटली असली तर काय, हे कोणी विचारले नाही. भागीरथाबाई नळी फिरवू लागल्या. दामिनीने सुटलेला भाग झेलला. तीस उरले. अठरा. दहा छप्पन्नला शेवटचा वेढा सुटला आणि बत्ती हिरवी झाली. गोल जमिनीवर ठेवताच तो पुन्हा आक्रसला, आणि बत्ती लाल. भागीरथाबाईंनी दोन्ही हात पुढे करून तो गोल मनगटांवर घेतला आणि हात फाकवले.

हिरवी.

“तुम्ही अशाच उभ्या राहणार?”

“तू तुझं काम कर वं. मले नको पाहू.”

अकराला पडद्यावर चेहरे आले. दामिनी इंग्रजीत बोलू लागली. भागीरथाबाईंना त्यातले एक अक्षर कळत नव्हते. त्या बत्तीकडे बघत होत्या. सहाव्या मिनिटाला डावा खांदा भरून आला, पंधराव्याला बोटे बधिर झाली. एकदा हात कणभर उतरला आणि पडद्यावरचे साहेब तोंड उघडे ठेवून थिजले. त्यांनी हात वर घेतला. साहेब हलले आणि त्यांनी प्रश्न पुरा केला. दामिनीने उत्तर दिले. पस्तिसाव्या मिनिटाला परदेशी माणूस हसला, साहेब हसले, आणि पडदा काळा झाला.

दामिनी खुर्चीतच बसून राहिली. “सोमवारी इथूनच बसायचं आहे,” ती म्हणाली. “साहेब म्हणाले.” मग वळून तिने सासूकडे पाहिले. “मले अगोदर काहून नाही सांगितलं?”

“सांगायची लाज वाटली.”

“आता ठेवा खाली. झालं ना.”

“तो पोरगा येतपर्यंत नाही ठेवत,” भागीरथाबाई म्हणाल्या.

दामिनी उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांच्या मनगटांखाली आपली मनगटे सरकवून तिने तो गोल स्वतःकडे घेतला.

“किती फाकवायचे?” तिने विचारले.

“थोडे अजून. हां. आता हालू नको.”